उजवा हात बसत नाही

जिन्याच्या पायऱ्यांवर चपलांना जागा उरली नव्हती. रांग मनोहररावांच्या फाटकातून बाहेर पडून इंदूबाईंच्या किराणा दुकानापर्यंत आली होती, आणि इंदूबाई नारळ विकून दमल्या होत्या. नवरात्र चालू होतं. मी सकाळीच पुण्याहून उतरले होते. घरी बॅग टाकून तशीच निघाले, तर नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या शांत लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, ही जत्रा!

"पाचही बोटं दिसतात म्हणे?" माझ्या पुढची बाई विचारत होती.

"बोटं काय घेऊन बसली वं! तळव्याच्या रेघा दिसतात," तिच्या पुढची म्हणाली.

"मी काल पाह्यला. रेघाबिघा काई नाई. पण हात आहे पक्का."

"तुह्या मनात पाप असन, म्हून नाई दिसल्या रेघा."

"मंग तू काहून दुसऱ्यांदा येऊन राहिली? तुले पह्यल्यांदा दिसल्या ना?"

रांगेत हसू फुटलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून जांभळा उजेड जिन्यात सांडत होता. तो उजेड मला ओळखीचा होता. झाडांसाठीचे ते दिवे सुशीलने आणि मी मिळून सीताबर्डीतून आणले होते.

सुशील हा मनोहरराव आणि सुभद्राकाकूंचा मुलगा. आम्ही शाळेपासून एकत्र आणि बीएस्सीलाही एकाच बाकावर. पुढे तो मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टवर लागला, मी प्रयोगशाळेतल्या कामाकडे वळले. पण त्याचं मन वरच्या खोलीतल्या बागेत. मातीशिवायची शेती, हायड्रोपोनिक्स. झाकण असलेला मोठा पांढरा प्लास्टिकचा टब, त्यात खताचं पाणी, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, कपात स्पंजचा तुकडा आणि त्यात पालकाचं रोप. मुळं खाली पाण्यात लोंबणारी. पाण्यात हवा सोडायला छोटा पंप, बुडबुड बुडबुड चालणारा. "माह्या घरात बारमाही पाऊस पडून राहिला," असं तो म्हणायचा.

त्याची सगळी लढाई दोन शत्रूंशी होती. पाण्यातलं शेवाळ, ज्याला आम्ही नागपूरकर काई म्हणतो, आणि स्पंजवरची बुरशी. खतपाणी पालकाला जितकं गोड, तितकंच काईलाही. पण काईला उजेड लागतो. उजेडच मिळू दिला नाही तर ती जगत नाही. म्हणून त्याने ठरवलं, टब बाहेरून काळा रंगवायचा. बुरशीसाठी उपाय त्याहून सोपा होता. गॅलरीचं दार उघडं, पंखा चालू, स्पंज वरून कोरडा.

जुलैत मी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पुण्याला निघाले, तेव्हा तो स्टेशनवर आला होता. त्याचा तळवा काळाकुट्ट होता. "थिनरनंबी निघून नाई राहिला," म्हणाला, आणि गाडी सुटल्यावर तोच काळा हात हलवत फलाटावर उभा राहिला. त्याला जिवंत पाहिलं ते तेवढं शेवटचं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, शिफ्ट संपवून येताना, वर्धा रोडवर, पावसात, एका ट्रकने. मी त्या दिवशी आले, दुसऱ्या दिवशी परत गेले. पुढचं सगळं मला फोनवर कळलं. त्यात एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण बाकीचं सारं तिच्यातून घडलं.

त्यांच्यात दहाव्याच्या रात्री परातीत पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, जवळ दिवा ठेवतात. सकाळी टोपली उचलून पाहायचं, पिठावर कशाची खूण उमटली आहे. चिमणीचं पाऊल, गाईचा खूर, काहीही. गेलेल्याने कोणता जन्म घेतला ते त्यावरून कळतं म्हणतात. बहुतेक घरांत काहीतरी दिसतंच. पीठ खचतं, झुरळ फिरतं, आणि रडून सुजलेले डोळे उरलेलं काम करतात. सुभद्राकाकूंनी टोपली उचलली तर पीठ जसं पसरलं होतं तसंच, गुळगुळीत. त्यांनी परात उन्हात नेऊन पाहिली. शेजारणींना बोलावलं. हर्षाच्या, म्हणजे सुशीलच्या धाकट्या बहिणीच्या, हातात परात देऊन म्हणाल्या, "तू पाह्य, तुह्ये डोळे चांगले आहेत." काही नव्हतं.

"एक मुंगीबी चालली नाई वं भावना," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. "माह्या पोरानं जाताना मागं वळूनबी नाई पाह्यलं."

या वाक्याला उत्तर सुचलं दोन आठवड्यांनी, नत्थू महाराजांना. कुणीतरी त्यांना सांत्वनाला आणलं. त्यांनी घरभर फिरून वरच्या खोलीतल्या टबाचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि म्हणाले, "परातीत काहून शोधून राहिले? पोरगं इथं पाण्यात आहे."

रांग सरकत मी खोलीत पोचले. आधी वास आला, ओल्या पोत्यासारखा. गॅलरीचं दुधी काचेचं दार बंद, टब त्याला टेकलेला, पंखा बंद, आत वीस-पंचवीस माणसं. पालक कधीच मरून काळा पडला होता. जांभळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसत होते, आणि रॅकजवळ दाढीवाले महाराज बोलत होते. सलग, स्टँडवरच्या कंडक्टरसारखं.

"बोला, जलदेहधारी सुशीलबाळ की जय! माणूस मातीतून येते, मातीत जाते. पण या पोरानं काय केलं? मातीबिगर झाड लावलं! म्हून त्याले मातीबिगर देह भेटला! हायड्रो म्हणजे पाणी, अन् पोनिक म्हणजे पुण्य! विलायतवाल्यायनं आपल्याच पोथीतून उचललं हे. हा जांभळा दिवा म्हणजे अखंड ज्योत, विझवाची नाई. पाणी बदलाचं नाई. दार उघडाचं नाई, वारं लागलं का आत्मा उडते. अन् टब जागचा हलवाचा नाई. सरका पुढं, सरका!"

स्पंजांवर पांढरी-करडी लव आली होती. महाराज ती चमच्याने खरवडून पुड्यांत भरत होते. "विभूती! आपोआप उगवलेली!" बाया ती कपाळाला लावत होत्या, लेकरांच्या जिभेवर ठेवत होत्या. टबातलं पाणी छोट्या बाटल्यांतून तीर्थ म्हणून जात होतं.

काकू टबाजवळ पाटावर बसल्या होत्या. इतक्या वाळल्या होत्या की मी क्षणभर ओळखलंच नाही. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आली वं माय! ये, पाह्य. तुह्या मित्राले भेट."

त्यांनी दर्शनापुरतं झाकण उचललं. मी वाकून आत पाहिलं.

हात होता.

आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीखाली, हिरव्या काईचा पंजा. कडा थोड्या फुगीर, पण बोटं वेगवेगळी. मी मनाशी म्हणत आले होते की डाग असेल, लोक ढगातही हत्ती पाहतात. हा डाग नव्हता. मधलं बोट टोकाला तुटलेलं होतं. लहानपणी कूलरच्या पंख्यात सुशीलच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर गेलं होतं, हे आमच्या लेआउटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की तो आहे.

"भेटते मी त्याले रोज," म्हणत काकूंनी बाही सारली आणि पाण्यात हात घालून त्या हिरव्या पंजावर अलगद टेकवला. पंजा पंजावर बरोबर बसला.

हात डावा होता.

ज्या काकू प्रसादसुद्धा डाव्या हाताने घेत नाहीत, देवाच्या फुलालाही डावा लावत नाहीत, त्या.

"काकू, डावा काहून?" मी विचारलं.

"उजवा बसत नाई वं. अंगठा उलट्या बाजूले येते."

"मेलेल्याचं सारं उलटं राह्यते!" महाराजांनी तिथूनच सांगितलं. "श्राद्धाले जानवं उलटं, प्रदक्षिणा उलटी. तसा हात उलटा. नियमात आहे सारं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यात मात्र ते कुठेतरी अडकून बसलं.

तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज आला. टबाच्या पलीकडे, भिंतीला टेकून हर्षा बसली होती. अकरावीतली पोर. श्वास घेताना तिची मान ताणत होती आणि छातीतून सूं सूं वाजत होतं. हर्षाला लहानपणापासून दमा.

"दम्याचा पंप कुठं आहे तुझा?" मी तिच्याजवळ बसत विचारलं.

तिने डोळ्यांनी वर दाखवलं. रॅकला लाल कापडाची एक गाठोडी टांगली होती.

"पंप नाई द्याचा तिले," महाराज म्हणाले. "ऐका, ऐका सारे! छातीत कोण बोलून राहिलं? भाऊ बोलून राहिला! पंप मारला का त्याचा आवाज दबते."

"महाराज, तो दमा आहे. या खोलीतल्या बुरशीनं वाढून राहिला. तिले बाहेर न्या."

"तुमच्या घरी ना देव, ना पितर," ते हसून म्हणाले. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "तुले काय समजन यातलं?"

"आमच्या घरीबी माणसं मरतात, महाराज. तेवढं समजते मले."

काकूंनी माझा हात धरला. रागाने नव्हे, अगदी काकुळतीने. "भावना, तुले नको वाटते का वं तो यावा?"

मी हर्षाला उठवायला गेले तर तीच म्हणाली, "राहू दे ताई. मी बाहेर गेली तर दादा बोलत नाई." मनोहरराव दारात उभे होते. एसटीत कंडक्टर, नरखेडच्या गाडीवर. दिवसभर बोलणारा माणूस, पण सुशील गेल्यापासून घरात शब्द नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

मी तीर्थाची बाटली आणि विभूतीची पुडी घेऊन खाली उतरले.

आमच्या जुन्या कॉलेजच्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शक वापरू दिला. तीर्थाच्या थेंबात हिरव्या पेशी आणि हिरवे तंतू, कूलरच्या टाकीत असतात तसेच. नागपुरात हे खरं म्हणजे सांगावं लागू नये. दर उन्हाळ्यात घरोघरी कूलरची टाकी हिरवी होते आणि आपण ती नारळाच्या काथ्याने घासून काढतो. त्या काईपुढे नारळ फोडल्याचं मी ऐकलेलं नाही. विभूती तर नुसती बुरशी होती. तंतूंच्या टोकाला झुबके आणि झुबक्यांत बीजाणूंच्या माळा. एका चिमटीत ते इतके, की मोजायचा विचारही मी सोडून दिला. हर्षा तेच रोज श्वासातून आत घेत होती.

मग महाराजांची पथ्यं आठवली आणि मी चकित झाले. दिवा विझवू नका, पाणी बदलू नका, दार उघडू नका, पंखा लावू नका. काई आणि बुरशी पोसायची कृती कुणी मला लिहायला सांगितली असती तर मी याहून नेमकी लिहू शकले नसते.

पण एवढ्याने काम भागत नव्हतं. हिरवा रंग कुठून आला हे कळलं, हात कुठून आला हे कळलं नव्हतं. काई वाढते ती पसरून. पंजा काढत नाही. महाराजांनी रेखाटला म्हणावं, तर ते तुटकं बोट इतकं नेमकं कसं?

बाटल्या आवरून मी निघाले. प्रयोगशाळेच्या दाराला मोठी काच आहे. पलीकडून एक मुलगी पुस्तकं छातीशी धरून दार ढकलत होती, तिचा उजवा तळवा काचेवर दाबलेला. माझ्या बाजूने मला तो पूर्ण दिसत होता, बोटं पसरलेली, अंगठा माझ्या उजवीकडे. मी काही विचार न करता माझा हात वर नेला, काचेवर तिच्या हातासमोर ठेवायला. उजवा नेला तो बसेना.

डावा बसला.

"ताई, सरका ना, आत यायचंय," ती मुलगी म्हणाली. मी तिथेच उभी होते.

उजव्या हाताचा ठसा पलीकडून पाहिला तर डाव्या हाताचा वाटतो. सुशीलचं तुटकं बोट उजव्या हाताचं. टबाच्या आतून मात्र डावाच हात बसतो. म्हणजे तो हात आतून ठेवलेला नव्हताच. तो बाहेरून ठेवलेला होता. काळ्या रंगावर. रंग ओला असताना. आणि स्टेशनवर, गाडीच्या खिडकीतून, मला तो काळा तळवा हलताना दिसला.

मी पायरीवर बसून रडले. कोडं सुटल्याचा आनंद होतो असं ऐकलं होतं. मला तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अष्टमीची गर्दी होती. जिन्यात असतानाच वरून महाराजांचा चढलेला आवाज आला, "बोलून राहिला! आज जोरात बोलून राहिला!" मी लोकांना ढकलत वर पोचले. हर्षा टबासमोर पाटावर होती. आता शिट्टीही नीट येत नव्हती. खांदे उचलून ती श्वास ओढत होती, आणि बाया हात जोडून ऐकत होत्या. जांभळ्या दिव्यात तिच्या ओठांचा रंग कुणालाच कळत नव्हता.

"पंप द्या तिले!" मी ओरडले.

"हात लावाचा नाई!" महाराज रॅकच्या पुढे आले. "भावा-बहिणीत कोणी—"

त्यांचं वाक्य पूर्ण झालं नाही. मनोहररावांनी त्यांना खांद्याने बाजूला सारलं, गाठोडी हिसकून दातांनी गाठ फाडली, आणि पंप हर्षाच्या तोंडाला लावला. "ओढ बेटा. ओढ. आनखीन एक. हाव, अशीच." सुशील गेल्यापासून त्या घरात त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मी गॅलरीच्या दाराकडे धावले. खिळे ठोकलेले नव्हते, नुसती कडी होती. इतके दिवस नुसती कडी.

"दार नको!" काकू किंचाळल्या. "तो जाईन! भावना, तुह्या पाया पडते, दार नको!"

मी दार बाहेर ढकललं. दुपारचं ऊन आणि वारा एकदम आत आले. माणसं डोळे मिचकावत मागे सरली. हर्षाला मनोहररावांनी उचलून गॅलरीत बसवलं. हळूहळू तिचे खांदे खाली आले. ओठ निळसर होते, आता सगळ्यांना दिसले. कुणीतरी ऑटो बोलवायला पळालं.

"चाल सुभद्रा, दवाखान्यात," मनोहरराव म्हणाले.

काकू टबाला दोन्ही हातांनी कवटाळून बसल्या होत्या. "मी नाई येत. दार लावा आधी."

"सुभद्रा," ते म्हणाले, "ही जिती आहे वं."

काकू हलल्या नाहीत. ते हर्षाला घेऊन जिना उतरून गेले.

महाराजांनी घसा खाकरला, "दार उघडल्याचं पाप लागलं. आता शांती करा लागन..."

मी त्यांच्याकडे न पाहता काकूंजवळ बसले. "काकू, एकदा टबात पाहा."

दाराच्या दुधी काचेतून आजवर मंद उजेड येत होता. आता ऊन सरळ टबाच्या त्या बाजूवर पडलं होतं. आत काळोख्या पाण्यात हिरवा पंजा पेटल्यासारखा चमकत होता. बाकी सगळी भिंत काळी. फक्त हात उजेडाचा.

"पाह्यलं? तेज!" महाराज ओरडले.

"ऊन आहे ते," मी म्हणाले. "काकू, इकडे या. गॅलरीत. या बाजूनं पाहा. टब हलवत नाई मी, तुमीच या."

त्या आल्या. का आल्या, मला माहीत नाही. कदाचित थकल्या होत्या. गॅलरीत उंबऱ्याशी त्यांना बसवलं आणि टबाची बाहेरची बाजू दाखवली. दार बंद असताना ही बाजू काचेला चिकटलेली असायची, कुणालाच दिसत नसे. काळ्या रंगावर ब्रशचे फटकारे होते. आणि मधोमध, रंग निघून गेलेला, पांढऱ्या प्लास्टिकचा एक पंजा. मधलं बोट तुटकं.

"त्यानं टब इथं गॅलरीत रंगवला, काकू. वाळला असं वाटून इथूनच आत ढकलला. रंग ओला होता. तळव्याले चिकटून आला. मले स्टेशनवर सोडाले आला तेव्हा हात काळा होता त्याचा."

"धुतला होता मी," काकू पुटपुटल्या. "घासलेट लावून. निघतच नव्हता."

"रंग गेला तेवढ्याच जागेतून उजेड आत गेला. उजेड गेला तिथंच काई आली. बाकी भिंत काळी, तिथं नाई आली. एवढंच आहे, काकू."

त्यांनी हात पुढे केला. डावा. तो बसेना. त्या थांबल्या, मग उजवा हात पदराला पुसला आणि त्या पांढऱ्या पंजावर ठेवला.

बसला.

गर्दीतल्या दोघी-तिघींनी पुढे येऊन पाहिलं. इंदूबाईही दुकान टाकून वर आल्या होत्या. त्या टबाकडे पाहत नव्हत्या, उन्हात उभ्या महाराजांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काहून गा," त्या म्हणाल्या, "तू तो कूलरचं गवत बदलवणारा नत्थू नाई का? दाढी वाढवली म्हून काय झालं! माह्या घरची टाकी पाहून तूच म्हणाला होता ना, काकू, टाकीवर ऊन येऊ देऊ नका, काई धरते?"

"तो मी नव्हे, माउली. तो... पूर्वजन्म होता."

"मागच्या उन्हाळ्यातला पूर्वजन्म!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. महाराजांनी पुड्या झोळीत कोंबल्या, उतारा घेऊन येतो म्हणाले, आणि जिन्यावरच्या चपलांत आपली शोधत बसायला न थांबता अनवाणीच गेले. लोकही पांगले. काही जण मात्र जाताना विभूतीच्या पुड्या सोबत घेऊनच गेले. तेही मी पाहिलं.

मला वाटलं होतं की काकू रडतील, मला जवळ घेतील. त्यांनी टबावरचा हात काढला आणि मला म्हणाल्या, "आता तू जाय." मग जिन्यापर्यंत येऊन, अगदी हळू आवाजात, "एकदा ट्रकनं नेला. आज तू नेला."

आणि पायांत काही न घालता त्या दवाखान्याच्या वाटेला लागल्या.

हर्षा तीन दिवसांनी घरी आली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. मनोहररावांनी खोलीतले स्पंज जाळले, भिंती घासल्या, पंखा लावला. मी जात नव्हते. हर्षाचे निरोप यायचे, श्वास बरा आहे, रात्री झोप लागते. काकूंचा निरोप नव्हता.

तो आला दिवाळीनंतर. तोही हर्षाच्या फोनवरून, मागून आवाज फक्त. "तिले विचार, टब कशानं धुवाचा."

मी गेले. आम्ही दोघींनी टब रिकामा केला. काकू स्वतः आत वाकून घासत होत्या. पंजाजवळ आल्या तेव्हा काथ्या थांबला. मी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"बाहेरचा राहू द्याचा का?" हात धुताना त्यांनी विचारलं.

"राहू दिला तर तिथून पुन्हा उजेड जाईल, काकू. पुन्हा काई येईल."

"अन् रंगवला तर?"

त्या आत गेल्या आणि सुशीलचा काळा रेनकोट घेऊन आल्या. त्या दिवशी अंगात होता तोच. त्याचा एक तुकडा त्यांनी कापला, कड दुमडून शिवली, आणि टबाच्या वरच्या काठाला पडद्यासारखा चिकटवला. उचलला की हात दिसतो. सोडला की अंधार. मी हे शिकून आले नव्हते. पण उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता.

मी हे लिहिते आहे ते काकूंना विचारून. त्या म्हणाल्या, "लिही. दुसरीच्या घरी असं नको." म्हणून सरळ सांगते. दुःखात माणूस खूण शोधतो, त्यात लाज नाही. मलाही त्या टबात पाहून क्षणभर तो आहे असं वाटलं होतं. पण कुणी तुम्हाला खूण दाखवली आणि म्हणालं की हलवू नका, उघडू नका, विचारू नका, तर तेवढंच करा. हलवा, उघडा, विचारा. दुसऱ्या बाजूने पाहा. जे खरं आहे ते उजेडात पाहिल्याने पळून जात नाही. आणि कुणाची औषधं काढून घेणारा माणूस, मग तो कोणत्याही देवाचं नाव घेवो, त्याला घराबाहेर काढा. आधी औषध द्या, वाद नंतर घाला.

परवा गेले होते. टबात मेथी हातभर आली आहे, पाणी स्वच्छ आहे, गॅलरीचं दार उघडं असतं. काकूंनी माझ्यासमोरच तो काळा तुकडा उचलला आणि पंजावर हात ठेवला. उजवा.

"पिठात नाई उमटला," त्या म्हणाल्या. "जाच्या आधीच ठेवून गेला होता, अन् मी परातीत शोधत बसली." मग माझ्याकडे वळून विचारलं, "किती वेळ उघडं ठेवलं तर काई येते वं?"

"थोडा वेळ चालते, काकू," मी म्हणाले. "रोज थोडा वेळ चालते."